एकोणीस आणि पुढची मोकळी जागा

तर काल छिन्नीबाबाला आपण दफनभूमीतच बसवून उठलो होतो, बायकोच्या दगडाच्या पाठीला पाठ लावून. काल जे नव्हते ते विचारतील, हा बाबा दगडाच्या मागच्या अंगाला का बसतो? लोक पुढून येतात, नाव वाचतात, फुलं ठेवतात आणि वाटेला लागतात. हा एकटाच मागच्या कुंपणातून, झुडपं बाजूला सारत यायचा, कोऱ्या दगडाशी घटकाभर बोलायचा आणि पुढे न डोकावता आल्या वाटेनं परत जायचा. डोक्यावर परिणामबिरिणाम काही नव्हता. पुढच्या बाजूला तोंड दाखवायची त्याला लाज वाटायची, आणि त्या लाजेचं कारण होतं दोन आकडे. एक आणि नऊ.

आता हे नीट कळायचं तर आधी त्याचा धंदा कळायला हवा.

छिन्नीबाबा दगडावर नावं कोरायचा. कधी शाळेची कोनशिला, कधी दवाखान्याची, पण मुख्य काम थडग्यांचं. साऱ्या वस्तीची नावं त्याच्या हाताखालून गेलेली, पण त्याचं स्वतःचं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. छिन्नीबाबा म्हटलं की काम भागायचं.

त्याच्या धंद्यात एक रीत होती. नवरा-बायकोतलं एक माणूस गेलं की मागे राहिलेलं दगड करायला यायचं. तेव्हा छिन्नीबाबा हळूच सुचवायचा, की दोघांचीही नावं आत्ताच कोरून घ्या. एका हातचं अक्षर राहतं, दगडही दोन्हीकडून सारखा मुरतो. लोकांना पटायचं. मग जिवंत माणसाच्या बाजूला त्याचं नाव, जन्माचं साल, मधे आडवी रेघ, आणि पुढे मरणाच्या सालातले पहिले दोन आकडे, एकोणीस. त्यापुढची दोन घरं मोकळी. वेळ आली की तेवढीच भरायची. कुणी शंका काढलीच, तर छिन्नीबाबा हसून म्हणायचा, "शतक कुठं पळून चाललंय?"

आणि एक दिवस शतक पळून गेलं की हो!

त्या वर्षी त्याच्या दारात जी जत्रा लोटली, ती बघण्यासारखी होती. मागच्या शतकात जायचे ठरलेले म्हातारे-म्हाताऱ्या काठ्या टेकत टेकत तक्रार घेऊन हजर. सगळ्यांत पुढे बेकरीवाली आजी. पदराला पीठ तसंच.

"अहो छिन्नीबाबा, मला घालवायची एवढी घाई का झाली होती तुम्हाला?"

"आजी, मी कशाला घालवतोय?"

"मग दगडावर काय लिहून ठेवलंय? एकोणीसशे आणि पुढे काही नाही. गेलं की तुमचं एकोणीसशे! आता मी मेले तर लोक वाचतील आणि म्हणतील, म्हातारी मागच्याच शतकात खपली होती, मग इतके दिवस आपल्याला पाव कोण विकत होतं?"

"दुरुस्त करून देतो, आजी. चूक माझी आहे."

"द्याच. आणि ऐका, या खेपेला वीस कोरून ठेवू नका. माझा काही नेम नाही."

दगडावरचं खोडता येत नाही, ही या धंद्यातली मोठी पंचाईत. कागदावर खोडरबर चालतं, फळ्यावर फडकं. दगडात गेलेली खाच भरून निघत नाही. मग करायचं काय, तर आकड्याभोवती चौकट आखायची आणि त्या चौकटीतला सगळा दगड आकड्याच्या खोलीइतका खाली उतरवायचा. आकडा जातो, सपाट तळ उरतो, त्यावर नवं कोरायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर नक्षी केलीय! ती नक्षी नसते, चूक असते. छिन्नीबाबानं त्या वर्षी अशा कितीतरी नक्ष्या केल्या. सगळ्यांचे एकोणीस त्यानं उतरवले, एक सोडून. तो एक त्याचा स्वतःचा.

कारण तो एकोणीस त्यानं आखलेला नव्हता. तो आखला होता त्याच्या बायकोनं.

ती पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात नवऱ्याला म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे, पण अक्षरं एकमेकांवर रुसल्यासारखी बसतात." त्या दिवसापासून आखणी तिची आणि कोरणी त्याची. दगड मधे, हा एका बाजूला स्टुलावर, ती समोर दुसऱ्या स्टुलावर. हातात पांढरी पेन्सिल. ती समोर बसायची म्हणून जन्मभर तिनं त्याचं काम उलटं वाचलं, आणि गंमत अशी की उलटं वाचणाऱ्यालाच चूक आधी दिसते. "थांबा, थांबा, काना राहिला," ती ओरडायची, आणि हातोडी हवेतल्या हवेत थांबायची. तिच्या नऊची शेपटी जराशी आत वळलेली असायची, झोपलेल्या मांजरासारखी. त्या दफनभूमीत फिरलात तर नुसत्या नऊवरून सांगता येईल की हा दगड तिच्या काळातला आणि हा नंतरचा.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही आणि तिनंही काही लपवू दिलं नाही. एके सकाळी खोकला आवरत दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, तो कोपऱ्यातला करडा दगड पुढे घ्या. माझा दगड मी आखणार."

"काहीतरीच बोलू नकोस."

"तुम्ही माझ्या मागे रडत रडत आखाल आणि ओळ तिरकी जाईल. मला तिरक्या ओळीखाली झोप येणार नाही."

तिनं तिची बाजू आखली. मग न थांबता पेन्सिल दुसऱ्या बाजूला नेली. त्याचं नाव, त्याचं जन्मसाल, रेघ, आणि एकोणीस.

"हे काय? माझंही?"

"मग? रीत तुमचीच ना? दोघांचं एकदम, म्हणजे अक्षर एका हातचं राहतं." तिनं पेन्सिल त्याच्यावर रोखली. "एकोणीस आखून ठेवलंय. शतक संपायच्या आत या. मला वाट बघायला आवडत नाही, ठाऊक आहे ना?"

"येतो," तो म्हणाला. कोपऱ्यावरून भाजी घेऊन येतो म्हणावं, तसंच.

तिच्या हातची ती शेवटची आखणी. त्यानं तिच्यादेखत ती कोरली. ती गेली सत्त्याण्णव साली. तिच्या बाजूचे शेवटचे दोन आकडे मग त्यानं एकट्यानं घातले. आखून द्यायला समोर कोणी नव्हतं, त्यामुळे त्यातला सात थोडा कलला आहे. आजही आहे.

आणि हा येतो म्हणालेला माणूस गेलाच नाही. प्रकृती ठणठणीत! सर्दीसुद्धा धड होईना. शतक संपलं त्या सकाळी तो उठला, चहा टाकला, सवयीनं दोन कप काढले, एक परत ठेवला, आणि तो कप ठेवता ठेवता त्याच्या ध्यानात आलं की आपण दिलेला शब्द मोडला. त्या दिवसापासून तो दगडाच्या मागच्या बाजूनं जायला लागला.

पुढची वर्षं कशी गेली म्हणाल, तर गेली. तिचं स्टूल त्यानं हलवलं नाही. कोरताना काही शंका आली की मान वर व्हायची, समोर रिकामं स्टूल दिसायचं, मान परत खाली. एकदा त्यानं एका आडनावातलं अक्षर गाळलं आणि दगड बसवून झाल्यावर ते कळलं. चूक दाखवणारं कोणी नसलं की माणूस किती एकटा होतो, हे त्याला त्या गाळलेल्या अक्षरानं शिकवलं. पावाची लादी आणायचा, अर्धी वाळून जायची. तरी अर्धी मागायला जीभ रेटत नसे, कारण अर्धी मागितली की बेकरीवाली आजी त्याच्याकडे बघायची, आणि ते बघणं त्याला नको असायचं. रेडिओ दिवसभर चालू ठेवायचा. कोण काय बोलतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, घरात कुणीतरी बोलतंय एवढंच पुरे होतं. हळूहळू कोरायची यंत्रं आली. नाव टाइप केलं की दगडावर उमटतं. कामं आटली. मोठी हातोडी गंजली.

लेक लांबच्या शहरात. दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, "बाबा, इकडे या." हा दर रविवारी तेच म्हणायचा, "बघू." शेवटी एकदा ती स्वतःच आली, आठवडाभराची रजा टाकून. दुकानातली धूळ बघितली, वाळलेला पाव बघितला, एकच धुतलेला कप बघितला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"खोली तयार आहे. खिडकी आहे, उजेड आहे. तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"दगड पुरा केल्याशिवाय मी कुठं येणार?"

"कुठला दगड?"

"तुझ्या आईचा. माझ्या बाजूचं चुकलेलं आहे."

"मग उतरवा ना तो एकोणीस! साऱ्या गावाचे उतरवलेत."

"तो तिनं आखलाय."

"बरं, मग नवा दगड करू. यंत्रावर. दोघांची नावं नीट, एका दिवसात."

तो असा भडकला की हातातली बशी टेबलावर आपटली. "तिच्या हातचं काढून यंत्राचं बसवू? उतरवलं तरी तिचं जातं, ठेवलं तरी माझं खोटं तिथं लोकांना दिसतं. मी कुठं जाऊ, सांग? असाच सोडून निघून जाऊ?"

लेकीनं फुटलेल्या बशीकडे बघितलं. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही जिवंत आहात याची तुम्हाला लाज वाटते का?"

त्यानं बशीचे तुकडे गोळा केले. लेक म्हणाली, "रविवारी माझी गाडी आहे. दोन तिकिटं काढलीत. तुम्हीच ठरवा."

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात फादर दुकानात आले. चर्चच्या आवारात वाचनालय होणार होतं, सगळ्या वस्तीसाठी, आणि कोनशिला हातानं कोरलेली हवी असा त्यांचा हट्ट. फादर आणि छिन्नीबाबा जुने दोस्त. अर्ध्या दफनभूमीचं काम दोघांनी मिळून केलेलं, एकानं प्रार्थना म्हणायची, दुसऱ्यानं नाव घालायचं.

"मजकूर आणलात?" छिन्नीबाबानं विचारलं.

"मजकूर आहे, पण सनावर अडलंय. कमिटीत तीन बैठका झाल्या. चर्चमध्ये गाणाऱ्या बाई म्हणतात, 'प्रभूच्या वर्षी' असंच लिहा, पूर्वी लिहायचे तसं. हेडमास्तर म्हणतात, वाचनालय सर्वांचं आहे, धर्माचं नाव नको, 'सामान्य सन' लिहा. तिसरे म्हणतात, इसवी सन लिहून मोकळे व्हा."

"आकडा तिन्हीकडे तोच ना?"

"तोच."

"मग भांडण कशाचं?"

"आकड्याच्या आडनावाचं," फादर म्हणाले आणि तिच्या स्टुलावर बसणार होते, तेवढ्यात त्यांना आठवलं. ते दगडाच्या ढिगावर टेकले. "हेडमास्तरांना मी म्हटलं, आडनाव बदललं तरी मोजणी तिथूनच सुरू होते, येशूच्या जन्मापासून. पाटी नवी लावली म्हणून दुकान बदलत नाही. तर म्हणतात, निदान पाटी तरी सगळ्यांची होईल. तसं त्यांचंही खोटं नाही."

छिन्नीबाबा छिन्नीला धार लावत होता. सहज म्हणून विचारलं, "पण फादर, मोजायला सुरुवात कुणी केली? पाळण्याशी बसून कुणी म्हणालं का, हे पहिलं वर्ष?"

"छे हो! पहिली पाचशे वर्षं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. लोक आपापल्या राजापासून मोजायचे, कुणी शहर वसलं तिथून मोजायचे. मग एक मठातला साधू सणाच्या तारखांचं कोष्टक करायला बसला. तेव्हाच्या कोष्टकात वर्षं मोजायचे एका अशा राजापासून, ज्यानं आमच्या लोकांना हाल हाल करून मारलं होतं. साधू म्हणाला, या दुष्टाचं नाव दरसाल कशाला जपायचं? त्यानं राजाचं काढलं आणि प्रभूचं घातलं."

"काढलं म्हणजे? चौकट खोल घेऊन?"

"कागदावर हो, बाबा. तुमच्यापेक्षा सोपं काम."

"आणि जन्माचं साल त्याला कुठं मिळालं?"

"हिशेब मांडला त्यानं. कसा मांडला, ते आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि तो हिशेब चुकला." फादरांनी आवाज बारीक केला, जणू मागून कमिटी ऐकत होती. "शुभवर्तमानात लिहिलंय, प्रभू जन्मले तेव्हा दुसराच एक राजा गादीवर होता. आता बहुतेक जाणकार म्हणतात, साधूच्या मोजणीतलं पहिलं वर्ष उजाडायच्या चार वर्षं आधीच तो राजा मेलेला होता."

छिन्नीबाबाची छिन्नी थांबली. "आणि कुणी दुरुस्त नाही केलं?"

"कळलं तोवर सगळीकडे कोरून झालं होतं."

छिन्नीबाबानं छिन्नी खाली ठेवली. मग जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "म्हणजे फादर, चूक धरली तर… ते शतक अजून थोडं बाकी असेल का?"

फादरांनी त्याच्याकडे बघितलं. एकोणीसची गोष्ट त्यांना माहीत होती, साऱ्या वस्तीला माहीत होती. हो म्हणायला त्यांचं काय गेलं असतं? पण सरळ माणूस.

"नाही हो. उलटं आहे. प्रभू आधी जन्मले म्हणजे वर्षं जास्त झाली. शतक आपण समजतो त्याच्या चार वर्षं आधीच संपलं. कुणी सहा म्हणतं. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे माझा उशीर वाढलाच," छिन्नीबाबा म्हणाला आणि परत धार लावायला लागला. फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले. सनाचं काही ठरलं नाही ते नाहीच.

दुकानात रेडिओवर बाजारभाव चालले होते. छिन्नीबाबा बसला होता. बसल्या बसल्या त्याचं बोट पुढ्यातल्या दगडाच्या धुळीत फिरायला लागलं. सत्त्याण्णव लिहिलं. हे बोट त्या सालाशी नेहमीच थबकायचं. मग त्याखाली, उगाच, चार लिहिले. रेघ मारली. बेरीज केली.

एकशे एक.

त्यानं पुसून परत केली. परत एकशे एक. म्हणजे दोन हजार एक. साधूचा हिशेब सरळ केला तर ती सत्त्याण्णवला गेलीच नव्हती, नव्या शतकात गेली होती! शतक संपायच्या आत या म्हणून पेन्सिल रोखणारी बाई, आणि स्वतःच उंबरा ओलांडून पलीकडे पडलेली. शब्द आधी मोडला होता तो तिनं. कुणी सहा म्हणतं तर आणखीच मोडला होता.

तो हसला. मोठ्यानं, पोट धरून हसला. कित्येक वर्षांत त्या दुकानात असं हसणं झालं नव्हतं. आणि हसता हसता, तिला सांगावं म्हणून मान वर केली.

स्टूल.

हसू तिथंच राहिलं. रेडिओवाला बाजारभाव सांगत होता. ही थट्टा कळणारं जगात एकच माणूस होतं आणि तीच नेमकी समोर नव्हती. त्यानं रेडिओ बंद केला, ब्रश घेतला, बादली घेतली, आणि दुकानाला कडी घालून निघाला.

दफनभूमीला मोठं फाटक आहे. छिन्नीबाबा त्या दिवशी फाटकातून आत गेला.

लेकीला तो दुकानात दिसला नाही म्हणून ती घाबरून शोधत आली. आधी बाबांच्या सवयीप्रमाणे दगडाच्या मागे बघितलं. तिथं कोणी नव्हतं, नुसती दबलेली जागा होती. मग ती वळसा घालून पुढे आली. तर बाबा दगडासमोर गुडघे टेकून, बाह्या वर करून, दगड धूत बसलेले. इतक्या वर्षांत पुढची बाजू शेवाळानं हिरवी झाली होती. तिची अक्षरं साफ झाली होती, कललेला सात साफ झाला होता, आणि आता तो दुसऱ्या बाजूच्या नऊमधलं शेवाळ नखानं काढत होता. शेपटीच्या आतल्या वळणातलं, हळूहळू.

लेक बाजूला बसली. ओल्या दगडाकडे बघत राहिली. मग त्यानं तिला साधूची, राजाची आणि चार वर्षांची सगळी गोष्ट सांगितली. तिनं मनातल्या मनात बेरीज केली, आणि तिला हसू यायला लागलं, आणि डोळेही भरले. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसून विचारलं, "मग बाबा, रविवारचं काय? आणि तुम्ही गेल्यावर या एकोणीसचं मी काय करू?"

छिन्नीबाबानं ब्रश बादलीत टाकला, आणि तो जे बोलला ते असं:

"रविवारी येतो. पण तिचं स्टूल बरोबर घ्यायचं, ते तुझ्या त्या खिडकीपाशी ठेव. आणि या एकोणीसला हात लावायचा नाही, पुढची जागा मोकळीच राहू दे. कुणी विचारलंच तर सांग, दोघांनाही उशीर झाला. आखणी आईची, कोरणी बाबांची, आणि चूक त्या साधूची."